जुलाब वाटत होते, आत खडा होता

खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजी. दिवसातून सात-आठ वेळा थोडेथोडे पातळ व्हायचे. घरचे जुलाब थांबवायची गोळी देणार होते. मी आधी विचारलं, ‘घट्ट संडास शेवटची कधी झाली?’ नऊ दिवसांपूर्वी.

पोट डावीकडे खाली टणक लागत होतं. ग्लोव्ह घालून, जेली लावून गुदद्वारात बोट घातलं तर लगेच वाळून घट्ट झालेल्या मळाचा खडा. असा खडा अडकला की वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. त्यावर लोपेरामाइड (जुलाब थांबवायची तीच गोळी) दिलं तर आतडं आणखी मंदावतं. म्हणून अंथरुणावरच्या माणसाचे जुलाब मी बोटाने तपासल्याशिवाय खरे मानत नाही.

डॉक्टरांना विचारून आधी १२० मिली कोमट तेलाचा एनिमा दिला. आजी डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, खाली मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर. नळी बेंबीच्या रोखाने ७ ते १० सेंमी. अडली तर रेटायची नाही. तासाभराने मऊ झालेला खडा बोटाने तुकड्यातुकड्यांनी काढला. सुनेला नाडी मोजत बसवलं होतं, कारण तिथल्या ताणाने व्हेगस नस चेतते आणि ठोके मंदावतात. नाडी उतरली किंवा घाम फुटला की लगेच थांबायचं. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी ५०० मिली कोमट सलाईनच्या एनिमाने निघालं. एनिमाचा कॅन अंथरुणापासून ३० ते ४५ सेंमीच उंच धरायचा. त्यावर गेला की पाणी जोरात शिरतं, पेटके येतात आणि ते आत टिकत नाही. मूत्रपिंड कमजोर असल्याने फॉस्फेटचा तयार एनिमा टाळला.

घरात इसबगोल होतं, ते बंद केलं. दिवसाला तीन पेले पाणी पिणाऱ्याच्या पोटात ते बुचासारखं बसतं. डॉक्टरांनी लॅक्टुलोज हे मळ मऊ करणारं औषध सुरू केलं. त्याला एक-दोन दिवस लागतात, संध्याकाळपर्यंत गुण नाही म्हणून दुप्पट द्यायचं नाही. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि लोहाची गोळी, दोन्ही मलावरोध करणारी, त्यांनी बदलून दिली.

रोज नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने बेडपॅन, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं. पॅन गरम पाण्याने धुऊन, डोक्याकडची बाजू उंच करून, दार लावून सगळ्यांना बाहेर काढायचं. माणसं भोवती असताना आजी जोरच करत नव्हत्या.