बोटभर पोवळं

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५, माघी पौर्णिमा
पोर्ट ब्लेअर

गेल्या सप्टेंबरात या गावाचं नाव श्रीविजयपुरम झालं, पण टॅक्सीवाले आणि जेटीवरची माणसं अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. मीही तेच लिहिते.

दोनदा आंघोळ झाली तरी कानामागचं मीठ जात नाही. वन्सं आठालाच झोपल्या. इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे आठ वाजता मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं. मला झोप नाही. आजचं उद्यावर टाकलं तर त्यातलं निम्मं निसटेल, म्हणून लॉजच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली वही घेऊन बसले आहे.

सकाळी साडेसहाला निघालो. वंडूर इथून तीसेक किलोमीटर. वाटेत सिप्पीघाट लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि त्यात उभी वाळलेली झाडं. मला वाटलं खाजण असेल. टॅक्सीवाल्याने सांगितलं की इथे भातशेती होती. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर खचली, समुद्राचं पाणी शेतात आलं आणि परत गेलंच नाही. त्याच धक्क्याने उत्तर अंदमानकडचा किनारा वर उचलला गेला आणि तिथली पोवळी पाण्याबाहेर येऊन उन्हात मेली. इकडे पाणी आल्याने भात गेलं, तिकडे पाणी गेल्याने पोवळी गेली. वन्सं बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आपल्याकडे खारं पाणी आत आलं तर बांध घालतात. इथे कुठे घालणार बांध?"

वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची चौकी आहे. उद्यान १९८३ सालचं. पंधरा बेटं, सुमारे २८१ चौरस किलोमीटर, त्यात बहुतेक पाणीच. पर्यटकांना त्यातल्या दोनच बेटांवर जाता येतं, जॉली बॉय आणि रेड स्किन, तीही आळीपाळीने. एक उघडं असतं तेव्हा दुसऱ्याला विसावा. सोमवारी सगळंच बंद. हे मला फार आवडलं. बेटाला सुट्टी द्यावी हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

वनखात्याच्या माणसांनी पिशव्या उघडून पाहिल्या. प्लास्टिक अजिबात न्यायचं नाही. बिस्किटं पुड्यातून काढून स्टीलच्या डब्यात भरली, पाण्याच्या बाटल्या अनामत ठेवून त्यांच्याकडूनच घेतल्या. रांगेत एकजण वैतागला होता. मला मात्र देवळात शिरताना चपला काढतो तसं वाटलं.

बोट तासभर खाडीसारख्या चिंचोळ्या पाण्यातून जाते. दोन्ही काठांना कांदळ, मुळं पाण्यात रोवून उभा. क्षणभर गुहागरच्या बाजूच्या खाडीतून फेरीबोटीने चालले आहे असं वाटलं. फक्त पाण्याचा रंग वेगळा. आपल्या नद्या पावसात डोंगराची माती आणून समुद्रात ओततात, आपलं पाणी गढूळ. इथे मोठ्या नद्या नाहीत, म्हणून ऊन खोलवर पोचतं. पोवळ्यांना तेच लागतं.

पोवळं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आजीच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, मंगळासाठी. आईला पित्त झालं की वैद्य प्रवाळ पिष्टी द्यायचे, गुलाबी पूड, गुलकंदातून. ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्या जातीचं, हे पुष्कळ उशिरा कळलं. आणि तिसरं पोवळं आमच्या शोकेसमध्ये. मामा सत्तरच्या दशकात सरकारी नोकरीवर इथे होता. तो बदली होऊन परत येताना एक पांढरं शुभ्र झाड घेऊन आला. हातभर उंच, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या. तेव्हा मनाई नव्हती. आता २००१ पासून पोवळ्यांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. आई दर दिवाळीला ते झाड रिठ्याच्या पाण्यात धुते. आम्ही भावंडं त्याला 'समुद्राचं झाड' म्हणायचो आणि हात लावल्याबद्दल मार खायचो.

म्हणजे अंगठीत, पुडीत आणि शोकेसमध्ये, तिन्ही ठिकाणी मेलेलं. जिवंत पोवळं मी आज पाहिलं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट बाहेर थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होड्या किनाऱ्याला नेतात. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी काचेतूनच बघते. तुम्ही जा." मी गेले.

आमच्या गटाला उतरवणारे चाळिशीचे होते. आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून इथे वसवले गेलेले. सगळे त्यांना दादा म्हणत होते. बंगालीतही दादा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे हाक मारताना जीभ अडखळली नाही. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं करून मास्क बांधला. आधी काचेला आतून थुंकी चोळायला लावली, नाहीतर वाफ धरते. नाक मास्कच्या आत बंद, श्वास तोंडाने, नळीतून. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारायची. एवढंच. पण एवढं जमायला मला वीस मिनिटं लागली.

मला पोहता येतं, पण विहिरीतलं. पाठीला रिकामा डबा बांधून काकांनी ढकललं होतं. समुद्रात मात्र घोट्याच्या वर कधी गेले नाही. घरासमोर समुद्र, आणि "दर्याला पाठ दाखवू नये" हे पहिलं शिकवलेलं वाक्य. पाठ दाखवायची नाही, तोंड घालायचं नाही, काठावरून बघायचं. मग आज पाण्यात तोंड घालताना छातीत जे धडधडलं ते माझ्या एकटीचं नव्हतं, आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचं होतं. दोनदा मी उभी राहिले. दादांनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "दीदी, साँस गिनो. बस गिनते रहो." मी मोजायला लागले. अकराव्या की बाराव्या श्वासाला विसरले, कारण खाली बघत होते.

आधी ऐकू आलं. समुद्राखाली शांत असेल असं मी धरून चालले होते. तिथे सारखा बारीक तडतड आवाज, तेलात मोहरी टाकावी तसा. आणि मधूनच कुणीतरी खडीसाखर चावावी तसा करकर आवाज. तो पोपटमाशांचा. चोचीसारख्या दातांनी ते मेलेल्या पोवळ्यावरचं शेवाळ खरवडून खातात, चुनखडीही गिळतात आणि मागून वाळू टाकतात. अशा किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूतली पुष्कळशी त्यांच्या पोटातून आलेली असते. मी एकाला वाळू सोडताना पाहिलं. पाण्यात रांगोळी टाकावी तशी रेघ उमटली.

मग पोवळी दिसली. आणि ती पांढरी नव्हती.

तपकिरी, शेवाळी, पिवळसर, कुठे फांद्यांच्या टोकांना जांभळी-निळी छटा. मामाच्या झाडाचीच जात असावी, तशाच फांद्या, पण अंग मऊ, सायीसारखा थर असलेलं. दादांनी नंतर वाळूत बसून समजावलं. प्रत्येक फांदीवर हजारो बारीक जीव, त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ. शेवाळ उन्हातून अन्न करतं, जीव त्याला घर देतो. रंग शेवाळाचा. पाणी एक-दोन अंशांनी जास्त तापून आठवडे तसंच राहिलं की जीव शेवाळाला बाहेर टाकतो आणि आतला चुना दिसायला लागतो. उपाशी राहून मग मरतो. अंदमानात १९९८ आणि २०१० ला असं मोठ्या प्रमाणावर झालं. २०१० मध्ये दादा रोज पाण्यात होते. म्हणाले, लोक वर येऊन सांगायचे, किती सुंदर पांढरं आहे सगळं. आणि त्यांना उत्तर देववायचं नाही.

त्यांचं हे ऐकताना मला शोकेस आठवत होती.

पण ते नंतरचं. पाण्यात मी काय काय पाहिलं ते लिहून ठेवते. एक मोठा शिंपला, परातीएवढा, खडकात रुतलेला, ओठ निळे-हिरवे मखमली. माझी सावली पडली तसे त्याने ते आत घेतले. आपल्याकडच्या तिसऱ्या आणि कालवं आठवली, पण हा वेगळाच, कुणाच्या तरी आजोबांसारखा. समुद्रकाकड्या वाळूत स्वस्थ पडलेल्या. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे समुद्रफुलात शिरत आणि बाहेर येत होते. त्यातली मोठी मादी, आणि ती मेली तर नराचीच मादी होते. फुलपाखरासारखे पिवळे मासे नेहमी दोघं-दोघं. आणि एक घुमटाकार पोवळं, माझ्यापेक्षा उंच. ही जात वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. मनात हिशेब केला, दीडशेच्या पुढे गेला. काल आम्ही सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहून गप्प झालो होतो. त्या जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं. हा घुमट त्याच्याही आधीपासून इथे बसलेला, तेव्हा मात्र छोटा असेल.

त्या घुमटावर दुसऱ्या गटातला एक तरुण फोटोसाठी उभा राहिला. दादा पाण्यातून ओरडले, त्यांचा आवाज फाटला. तो उतरला. मला त्याचा फार राग आला, आणि तो राग मनात घेऊनच मी पुढे गेले.

दहा मिनिटांनी माझ्या नळीत पाणी शिरलं. फुंकर मारायची हे डोक्यात होतं, पण त्या क्षणी विहिरीतली मुलगी जागी झाली आणि मी पाय झाडले. पायाला काहीतरी लागलं. काडी मोडावी तसा आवाज झाला, पाण्यात स्पष्ट ऐकू आला. खाली पाहिलं तर फांदीचं टोक तुटून वाळूवर पडलेलं. माझ्या मधल्या बोटाएवढं. एवढं वाढायला त्या जिवांना सात-आठ महिने, कदाचित वर्ष लागलं असेल.

दादांनी आधी मला धरलं, तरंगत्या ट्यूबवर हात ठेवून दिला, श्वास मोजायला लावला. मग एका दमात खाली गेले. तो तुकडा उचलला, शेजारच्या खडकात एक खाच शोधली आणि त्यात घट्ट बसवला. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा, हलकेच, फिरवून फिरवून. वर आले. काही बोलले नाहीत. मीच विचारलं. म्हणाले, ही जात अशीच पसरते, वादळात तुटलेले तुकडेही कधी कधी पकड घेतात. "चिपक गया तो जी जाएगा, दीदी." नाही चिकटला तर, हे मी विचारलं नाही.

त्यांनी त्या तरुणावर जेवढा आवाज चढवला तेवढा माझ्यावर चढवला असता तर बरं वाटलं असतं.

नंतर पाण्यात जायला अजून वेळ होता, मी गेले नाही. वाळूवर बसले. लाटेने पोवळ्यांचे पांढरे तुकडे काठाला आणून टाकले होते, पायाखाली कुरकुरत होते. एकही उचलला नाही. तसाही इथून शंख-शिंपलेसुद्धा न्यायला बंदी आहे, पण बंदी नसती तरी आज हात गेला नसता. वन्सं होडीतून उतरल्या, माझं तोंड पाहून शेजारी बसल्या, डबा उघडला. पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलंत." खरं आहे. त्या फांदीला मात्र त्याने काही फरक पडत नाही. दुपारी पाणी उतरायला लागलं तशी बोट निघाली.

आपल्या घरापासून काही तासांवर, मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही पोवळी आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मी त्या किल्ल्यावर चार वेळा गेले, चारही वेळा होडीतून फक्त तटबंदी पाहिली. पुढच्या हिवाळ्यात तिथे जायचं. आधी तलावात महिनाभर मास्क लावून सराव करायचा, नळीतलं पाणी हमखास फुंकता येईपर्यंत. लिहून ठेवते म्हणजे टळणार नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती एकोणऐंशीची. पहिला प्रश्न, जेवलीस का. दुसरा, समुद्रात उतरली नाहीस ना. उतरले म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मामाचं झाड दिसलं का गं तुला तिथे?"

"दिसलं."

"असंच पांढरं?"

"नाही आई. तपकिरी असतं. जिवंत असतं तेव्हा तपकिरी असतं."

ती म्हणाली, "अगंबाई," आणि मग थोड्या वेळाने, "मी एवढी वर्षं त्याला धुऊन धुऊन पांढरं ठेवते आहे."

तुकड्याचं तिला सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगेन, शोकेससमोर बसून.

पौर्णिमेचा चंद्र नारळांच्या वर आला आहे. आज उधाण. तिथे आता पाणी चढत असेल, ओढ जोराची असेल. त्या खाचेत तो तुकडा अजून टिकला असेल का?