कोणता कन्सोल घेऊ? आधी सांगा, खेळणार कोण?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. ‘कोणता कन्सोल घेऊ?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तराआधी माझाच प्रश्न तयार असतो: खेळणार कोण? गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका ताईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, “मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्यासाठी घ्यायचाय. पण आम्ही दोघंही तिच्याबरोबर बसू म्हणतोय. आम्हाला मात्र यातलं काही येत नाही हं.” शेवटचं वाक्य त्या जाता जाता बोलल्या, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं.

का, ते सांगते. माझी आई साठी उलटल्यावर पहिल्यांदा कंट्रोलर, म्हणजे गेम चालवायचा बटणांचा ठोकळा, हातात धरून बसली. मी हौसेने माझा सगळ्यात आवडता गेम लावला, झेल्डा मालिकेतला २०१७चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. डोंगर, गवत, वारा, वाटेल तिकडे जायची मुभा. मला वाटलं, तिला हे बघूनच आवडेल. पण अशा गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं असतं आणि उजव्या अंगठ्याने बघायचं असतं. दोन्ही एकाच वेळी. आईचा डावा अंगठा पुढे सरकला की उजवाही नकळत दाबला जायचा आणि पडद्यावर नुसतं आकाश यायचं. आकाश खाली आणायला जावं तर पायाखालची जमीन. मधल्या वेळात तो बिचारा लिंक, गेमचा नायक, एका खडकाला नाक लावून जागच्या जागी चालत होता. दहा मिनिटांनी तिने कंट्रोलर अलगद माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “तूच खेळ, मी बघते.” त्यानंतर कित्येक महिने तिने त्याला हात लावला नाही.

चूक तिची नव्हती, गेमचीही नव्हती. मी निवडताना माझी आवड पाहिली, तिचे हात पाहिले नाहीत. दोन स्टिक, म्हणजे अंगठ्यांनी फिरवायच्या त्या दोन दांड्या, एकत्र चालवणं हे सायकल शिकण्यासारखं कसब आहे. ज्यांनी लहानपणी शिकून घेतलं त्यांना ते कसब आहे हेच आठवत नाही, आणि नेमके हेच लोक घरातल्या बाकीच्यांसाठी गेम निवडतात.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी ‘मारियो कार्ट ८ डिलक्स’ लावला. त्यात दोन सोयी आहेत: एक चालू केली की गाडी आपोआप पळते, दुसरी चालू केली की ती रस्त्याबाहेर जात नाही. आईकडे उरलं ते फक्त डावी-उजवीकडे वळवणं आणि हाती लागलेली वस्तू फेकणं. बारा गाड्यांच्या शर्यतीत ती पहिल्यांदा शेवटची आली. दुसऱ्यांदाही शेवटचीच. तिसऱ्या शर्यतीत केळ्याचं साल मागे कसं टाकायचं ते तिच्या लक्षात आलं. तिने ते टाकलं, माझी गाडी त्यावरून गेली आणि गरगर फिरली. आई आठवी आली. “पुन्हा लाव,” म्हणाली. कुठल्याही गेमबद्दल मला त्या दोन शब्दांपेक्षा जास्त काही ऐकायचं नसतं.

म्हणून नवख्या माणसासाठी गेम निवडताना मी पहिल्यांदा बघते की कॅमेरा, म्हणजे पडद्यावर कुठलं दृश्य दिसणार ते, कोण सांभाळतं: खेळणारा की गेम. बाजूने दिसणारे, आडवे सरकणारे गेम असतील तर एकच स्टिक लागते. २०२३चा ‘सुपर मारियो ब्रदर्स वंडर’ असा आहे. त्यात योशी किंवा नॅबिट हे पात्र घेऊन खेळलं तर शत्रूचा धक्का लागून जीव जात नाही, त्यामुळे घरातला सगळ्यात कच्चा खेळाडूही बाकीच्यांबरोबर पुढे जात राहतो. ‘सुपर मारियो ओडिसी’मध्ये दुसरा खेळाडू मारियोची टोपी चालवतो. लहान मुलाबरोबर बसायला ही फार गोड सोय आहे, कारण मुख्य जबाबदारी एकाची राहते आणि दुसऱ्याला मदतीचा आनंद मिळतो.

आता कन्सोलकडे येऊ. सध्या तीन घराणी आहेत. सोनीचा प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस हे तिन्ही नोव्हेंबर २०२०चे. निन्टेन्डोचा स्विच मार्च २०१७चा आणि त्याच्या पुढचा स्विच २ जून २०२५चा. यातला कोण जास्त ताकदवान यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही त्यात पडू नका. घरातल्या टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावरून, प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्स यांच्या चित्रातला फरक शोधावा लागतो. खरा फरक कोणते गेम कुठे मिळतात यात आहे. मारियो, झेल्डा आणि मुख्य पोकेमॉन गेम निन्टेन्डोच्या यंत्राखेरीज दुसऱ्या कन्सोलवर येत नाहीत. सोनीचे मोठे कथाप्रधान गेम आधी प्लेस्टेशनवर येतात, त्यातले बरेच पुढे कधीतरी कम्प्युटरवरही. एक्सबॉक्सचे स्वतःचे गेम आता प्लेस्टेशनवरही येऊ लागलेत. ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५मध्ये तिथे आला. एक्सबॉक्सची जमेची बाजू म्हणजे गेम पास, महिन्याच्या वर्गणीत मिळणारं गेमचं वाचनालय, आणि सिरीज एक्सवर चालणाऱ्या आधीच्या पिढ्यांच्या अनेक डिस्क. जुने गेम घरात पडून असतील तर याचा विचार जरूर करा. प्लेस्टेशन ५वरही ४चे जवळपास सगळे गेम चालतात आणि स्विच २वर स्विचचे बहुतेक.

मुलगा किंवा मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मित्रमैत्रिणी कुठे खेळतात? ‘फोर्टनाइट’ आणि ‘माइनक्राफ्ट’सारखे गेम कुठल्याही यंत्रावरून एकमेकांशी खेळता येतात, पण सगळेच तसे नसतात. शाळेतला अख्खा कंपू एका बाजूला आणि तुमचं लेकरू दुसऱ्या बाजूला असं झालं तर ते रोज कुढतं. आणि इंटरनेटवरून एकत्र खेळायला तिन्ही ठिकाणी वेगळी वर्गणी भरावी लागते, हेही आधीच लक्षात घ्या. ‘फोर्टनाइट’सारख्या मोफत गेमना ती लागत नाही.

दुसरी गोष्ट मी विचारते ती वेळेची. रोज किती वेळ मिळेल? खरं सांगा, सुट्टीतला नाही, कामाच्या दिवसातला. ‘द विचर ३’ची मुख्य गोष्ट संपवायला पन्नासेक तास लागतात, आडवाटांनी गेलात तर शंभराच्या वर. ज्याला रात्री अर्धा तास मिळतो त्याला हा गेम तीन-चार महिने पुरतो आणि मधे आठवडाभर खंड पडला की आपण कुठे होतो, कोणतं बटण कशाचं होतं, सगळं विसरायला होतं. ‘एल्डन रिंग’मध्ये तर लढाई मधेच थांबवून दार उघडायला जाता येत नाही. घरात तान्हं मूल असेल तर एवढ्या एकाच कारणासाठी मी तो नको म्हणेन, गेम कितीही थोर असला तरी.

याउलट ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून चित्रं, संगीत, लेखन, सगळं स्वतः केलं आणि २०१६मध्ये तो बाहेर आला. त्यात शेती करायची, मासे धरायचे, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या. सकाळी सहा ते रात्री दोन हा त्यातला पूर्ण दिवस आपल्या चौदा मिनिटांत संपतो. झोपलं की गेम जतन होतो. त्यामुळे ‘आजचा एक दिवस खेळते आणि उठते’ असं म्हणता येतं, आणि दिवसाचं काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान घेऊन झोपता येतं. ‘जर्नी’ तर साधारण दोन तासांत सुरू होऊन संपतो. मोठ्या माणसाला ‘गेम म्हणजे नेमकं काय असतं?’ हे दाखवायचं असेल तर मी हाच लावते.

वयाच्या आकड्याबद्दल थोडं. युरोपात पेगी नावाची पद्धत आहे: ३, ७, १२, १६, १८. अमेरिकेत ईएसआरबी, १९९४पासून. डब्यावरचे हे आकडे जरूर पाळा. पण ते फक्त आत काय दिसेल, काय ऐकू येईल एवढंच सांगतात. गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत. ‘सेलेस्ट’ या गेमला अमेरिकेत दहा वर्षांच्या पुढच्यांसाठीचं रेटिंग आहे आणि तो मोठ्यांनाही घाम फोडतो. सुदैवाने त्यात मदतीची सोय आहे: गेमचा वेग कमी करता येतो, अजिबात न मरण्याचीही निवड असते. अशा सोयींना ‘फसवणूक’ म्हणून हिणवणारे लोक मला आवडत नाहीत. ज्या गेममध्ये त्या आहेत तो गेम घरातल्या जास्त माणसांच्या हाती जातो. आणि डब्यावर ‘गेममधील खरेदी’ असा शेरा असेल तर मुलांच्या हाती कंट्रोलर देण्याआधी खर्चाचा पासवर्ड लावा. हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

डिस्क की डाउनलोड, हेही सगळे विचारतात. माझं मत डिस्ककडे झुकतं. डिस्क मैत्रिणीला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. पण दोन गैरसमज काढून टाका. एक, प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्सवर डिस्क घातली तरी गेम आतल्या साठवणीत उतरवावाच लागतो, जागा तेवढीच खातो. पहिल्या प्लेस्टेशन ५मध्ये ८२५ जीबी लिहिलं होतं, हाती यायचे ६६७च्या आसपास. सिरीज एसमध्ये ५१२मधले ३६४. काही गेम एकटेच १०० जीबीच्या पुढे जातात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. सिरीज एसला तर डिस्कची खाचच नाही. दोन, डिस्क हातात आहे म्हणजे गेम कायमचा आपला असं दर वेळी नसतं. ‘द क्रू’ हा २०१४चा गाड्यांचा गेम सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या कम्प्युटरवर, अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्कवाल्यांचाही गेम गेला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. डब्यावर ‘इंटरनेट आवश्यक’ लिहिलेलं असलं की मी त्यामुळे दोनदा विचार करते.

आणि नवा गेम पहिल्याच दिवशी घ्यायची घाई कशाला? ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की सोनीने तो आठवड्याभरातच आपल्या स्टोअरमधून काढला. परत आला तो जून २०२१मध्ये. पुढे दुरुस्त्या होत होत तो इतका सुधारला की आज मी तो निःशंक सुचवते. थांबलेल्यांना चांगला गेम मिळाला, तोही उतरलेल्या किमतीत.

एक प्रसंग मनात घर करून राहिलाय. भाचीच्या वाढदिवसाला कन्सोल आला. तिने कागद फाडला, टाळ्या वाजवल्या, आम्ही तारा जोडल्या. मग आधी कन्सोलचं अपडेट, मग खातं उघडणं, मग गेमचं डाउनलोड. पडद्यावर ती निळी पट्टी आणि खाली ‘३ तास ४० मिनिटं बाकी’. भाची कंट्रोलर दोन्ही हातात घट्ट धरून जमिनीवर बसून राहिली आणि तशीच झोपून गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: भेट द्यायची असेल तर आदल्या दिवशी डबा उघडा, खातं काढा, गेम उतरवून ठेवा, कंट्रोलर चार्ज करा आणि सगळं परत डब्यात भरा. कागद दुसऱ्या दिवशी फाडला तरी आनंद तेवढाच होतो.

तर ताई, तुमच्यासाठी माझं उत्तर स्विच. नवाच घेणार असाल आणि जमत असेल तर स्विच २, म्हणजे पुढची काही वर्षं नवे गेम मिळत राहतील. त्याच्या डब्यातले दोन जॉय-कॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, सुटे करून दोघांना लगेच खेळता येतं. तिघं बसणार आहात, तेव्हा तिसऱ्यासाठी एक कंट्रोलर वेगळा घ्या, पहिल्याच दिवशी. एक जण नुसता बघत बसला की त्याचं ‘मला येत नाही’ पक्कं होतं. गेम दोनच घ्या: ‘मारियो कार्ट’ आणि ‘वंडर’. कार्टमध्ये तुम्हा दोघांसाठी त्या दोन्ही सोयी चालू करा. मुलीसाठी आधी चालू ठेवा, मग ती स्वतःच बंद करायला सांगेल. तिसरा गेम महिनाभर घेऊ नका. तोवर तिला नुसतं पळायला आवडतं, शोधायला आवडतं की काही बांधायला, ते तुम्हाला शेजारी बसून कळलेलं असेल, आणि मग मला नव्याने विचारा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो आठवणीने लावा. नाहीतर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि मुलीला वाटतं की तिलाच जमत नाहीये.