तलावपाळी ते खांदेरी, भाचीच्या एका प्रश्नामुळे

ठाण्यात तलाव बघायला मुद्दाम जावं लागत नाही, भाजी आणायला निघालं तरी वाटेत एखादा लागतोच. पण शनिवारी भाची राहायला आली म्हणून सकाळी सकाळी उपवनला गेलो, येऊरचा डोंगर अर्धा धुक्यात आणि पाणी अगदी शांत, मला ठाण्यातला सगळ्यात आवडता तलाव हाच. संध्याकाळी तलावपाळी. कौपिनेश्वराचं दर्शन झालं, मग मासुंद्यात बोटिंग, आणि बोटीत बसल्या बसल्या ती विचारते, मावशी इथे लाइटहाऊस का नाही? म्हटलं अगं इथे चारी बाजूंनी काठ दिसतो, समुद्रात रात्री खडक कुठेय ते कळत नाही म्हणून तिथे लागतं. मग म्हणे मला खरं दाखव.

झालं, रविवारी पहाटेची लोकल, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे रिक्षाने थळ आणि तिथून होडीने खांदेरी. पावसाळ्यात हे जमत नाही, आणि एरवीही भरती-ओहोटी बघूनच होडीवाल्याशी बोला, पाणी भरपूर न्या.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी आरमार आणून अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आणि पुढे १८६७ ला इंग्रजांच्याच राज्यात याच किल्ल्यात दीपगृह उभं राहिलं, ते आजही सुरू आहे. तटावर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो. २०२५ मध्ये खांदेरी युनेस्कोच्या यादीत गेला, त्याचा मला फार आनंद झालाय. कोळी बांधवांच्या वेताळदेवाला नमस्कार करून तो आवाज देणारा मोठा दगड शोधला, त्यावर छोटा दगड मारला की पितळी भांड्यासारखा ठण्ण आवाज येतो, भाचीने किती वेळा वाजवला असेल!

परत थळला आलो तर अंधार पडायला लागलेला, म्हणून वाळूतच थांबलो. दिवा लागला. प्रत्येक दीपगृहाची चमकायची लय वेगळी असते, त्यावरूनच खलाशी ओळखतात की हे कुठलं, एवढं सांगितलं तर पोरगी बोटांवर सेकंद मोजत बसली आणि पनवेलमार्गे एसटीने घरी पोचायला आम्हाला बारा वाजले.