ठाण्यात चोरी

‘ठाण्यात चोरी’ असा मथळा वाचला की चोरी शहरात झाली की थेट पोलीस ठाण्यात, असा प्रश्न मला दर वेळी पडतो, आणि खरे सांगायचे तर दुसरी शक्यता अधिक रुचते. मथळा रचणाऱ्याचा यात फारसा दोष नाही. देवनागरीत विशेषनामासाठी मोठे अक्षर नसते, त्यामुळे गावाचे नाव आणि साधा शब्द एकाच वेशात येतात. त्यातच विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि उरलासुरला फरकही पुसला जातो: पुणे आणि पुण्य या दोहोंचे ‘पुण्यात’ होते, म्हणून ‘पुण्यात पुन्हा घट’ हे शब्द तापमानाविषयी आहेत की चित्रगुप्ताच्या वहीतील नोंद, हे बातमी वाचल्याखेरीज उमगत नाही.

रायगड जिल्ह्यातील पाली हे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान, पण ‘पालीला भाविकांची गर्दी’ असे छापले की माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा तो भेदरलेला जीवच येतो. मात्र माझ्या मते मुकुटमणी कळवा हेच होय, कारण ते एकाच वेळी स्थानकही आहे आणि आज्ञार्थी क्रियापदही. ‘कळवा, मुंब्र्यात उद्या पाणी नाही’ या मथळ्यातला स्वल्पविराम ज्याने गांभीर्याने घेतला, तो बिचारा मुंब्र्यातल्या नातेवाइकांना फोन लावत बसेल आणि कळव्यातल्या स्वतःच्या घरी बादल्या भरून ठेवायचे विसरेल.