पाठपिशवीतला एस्प्रेसो: यंत्र निवडण्याआधी गरम पाण्याचा विचार करा

आमच्या तीन टप्प्यांच्या प्रवासात एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली काढलेली दाट कॉफी, करणारी हाताने चालणारी तीन यंत्रं सोबत होती. ताईकडे वाकाको कंपनीचं नॅनोप्रेसो, माझ्याकडे त्याच कंपनीचं पिकोप्रेसो आणि गाडीच्या डिकीत लिव्हरचं, म्हणजे दांडा दाबून चालणारं, फ्लेअर प्रो २. पहिला टप्पा गाडीने आणि हॉटेलांत, दुसरा रेल्वेने, तिसरा पायी, पाठीवर तंबू घेऊन. तीन यंत्रं इतक्या वेगवेगळ्या परिस्थितींत एकामागोमाग वापरल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. यंत्र विकत घेताना आपण सगळे बारचे, म्हणजे दाबाचे, आकडे वाचत बसतो. पण दाब आपल्या हातात असतो, तो कुठेही तयार करता येतो. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. प्रवासात उकळतं पाणी कुठे, किती आणि कसं मिळणार, यावरून यंत्र निवडा. बाकी सगळं त्यानंतर.

तरीही दाबाबद्दल थोडं सांगते, कारण इथे बरीच दिशाभूल होते. साधारण ९ बार दाब, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी, १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय, हा एस्प्रेसोचा नेहमीचा हिशेब. ५२ मिलिमीटर व्यासाच्या बास्केटवर (कॉफी भरायची जाळीदार वाटी) ९ बार म्हणजे जवळजवळ १९५ किलोचा भार. तेवढा भार कोणी हाताने देऊ शकत नाही, म्हणून दोन युक्त्या वापरतात. नॅनोप्रेसो, पिकोप्रेसोसारख्या पंपाच्या यंत्रात दट्ट्या लहान ठेवतात, त्यामुळे एका दाबात थोडंसंच पाणी सरकतं पण जोर कमी लागतो. लिव्हरच्या यंत्रात लांब दांडा तेच काम करतो. एरोप्रेसमध्ये, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या नळकांड्यात, यातलं काहीच नाही. त्याचा दट्ट्या रुंद असतो, त्यामुळे ३० किलोचा भार टाकला तरी दाब १ बारच्या आसपासच राहतो. एरोप्रेसची कॉफी मला मनापासून आवडते, पण एस्प्रेसो हवा असेल तर ते यंत्र त्यासाठी नाही. स्टोव्हवर ठेवायच्या मोका पॉटचंही तसंच. तिथे वाफेचा दाब १ ते २ बारच्या घरात असतो.

हाताने काढलेला एस्प्रेसो दुय्यम असतो असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॉफीवरचा तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, कॅफेत दिसू लागला तो १९४८ च्या सुमारास, अकिले गाजिया यांच्या लिव्हरच्या यंत्रांमुळे. विजेच्या पंपाचं, फाएमा कंपनीचं ई६१ यंत्र आलं १९६१ साली. म्हणजे हात आधी, मोटर नंतर.

हॉटेलचा टप्पा

खोलीत केटल असेल तर तिन्ही यंत्रं चालतात आणि इथेच त्यांचे स्वभाव कळतात.

फ्लेअरचा कप सर्वांत चांगला आला, यात वाद नाही. दाब दाखवणारी तबकडी समोर असते, त्यामुळे सुरुवातीला २ बारवर कॉफी भिजवून घेणं, मग ९ वर नेणं, शेवटी हळूहळू सोडणं, सगळं डोळ्यांनी बघत करता येतं. पण ते पेटीसह काही किलोंचं ओझं आहे आणि त्याला भक्कम, न हलणारं टेबल लागतं. हॉटेलांमधली छोटी गोल टेबलं दांडा दाबला की कलतात. आम्ही बहुतेक वेळा खिडकीचा दगडी कट्टा वापरला. गाडी सोबत असेल तरच फ्लेअर न्या, आणि खोली मिळाल्यावर ते कुठे ठेवता येईल हे आधी बघा.

पिकोप्रेसो ३५० ग्रॅमचं, मुठीत मावणारं. १८ ग्रॅमचं खरं बास्केट, खालून उघडं. त्यामुळे दळण किंवा टॅम्पिंग (कॉफी दाबून सपाट करणं) चुकलं की बाजूने फवारे उडतात आणि चूक लगेच दिसते. नॅनोप्रेसो त्याहून किंचित हलकं, ३३६ ग्रॅम. त्यात ८ ग्रॅम कॉफी बसते आणि त्याच्या बास्केटमध्ये दाब आतल्या आत तयार होण्याची सोय आहे. त्यामुळे दळण थोडं जाडं असलं तरी फेसाळ, पिण्याजोगा कप येतो. ताईला नेमकं तेच हवं होतं. सकाळी उठल्यावर वजनकाटा, गुठळ्या मोडायच्या सुया, टॅम्पर अशी मांडामांड तिला नको असते.

"अगं, पाणी उकळलंय ना? मग ओत की!" हे ती मला रोज म्हणायची. पण मी थांबायचे, कारण पहिलं उकळतं पाणी कॉफीसाठी नसतंच. ते यंत्र तापवण्यासाठी असतं. थंड धातूत आणि प्लास्टिकमध्ये उकळतं पाणी ओतलं की त्याचं तापमान क्षणात पडतं आणि कप आंबट येतो. यंत्रात पाणी भरा, कॉफी न घालता पंप मारून ते बाहेर काढा, थंडी असेल तर पुन्हा एकदा तेच करा, मग कॉफीचं बास्केट लावा. मध्ये वेळ घालवू नका, म्हणजे कॉफी आधीच दळून, टॅम्प करून तयार हवी. ताईने एका सकाळी दोन्ही पद्धतींचे कप शेजारी ठेवून प्यायले आणि तेव्हापासून तीही यंत्र आधी तापवू लागली.

हॉटेलच्या केटलमध्ये पहिलं पाणी उकळून फेकून द्या. आत पांढरा थर दिसला तर पाण्यात क्षार जास्त आहेत असं समजा आणि बाटलीचं पाणी वापरा. क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं पाणी मात्र कॉफीला सपक करतं. थोडे क्षार हवेतच.

रेल्वे

इथे फ्लेअर बाद. ते गाडीसोबतच मागे राहिलं.

धावत्या डब्यात वजनकाट्याचा आकडा स्थिर राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी बिया मोजून छोट्या डब्यांत भरून ठेवा, एका डबीत एका कपाच्या. पेय किती आलं हे कपावरच्या खुणेवरून ठरवा. क्रेमामुळे पातळी थोडी जास्त दिसते, तेवढं धरून चाला.

गरम पाणी थर्मासचं. थर्मास भरण्यापूर्वी त्यात उकळतं पाणी ओतून झाकण लावून पाच मिनिटं ठेवा, मग ते काढून नव्याने उकळतं पाणी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. एवढं करूनही काही तासांनी आमच्या थर्मासमधलं पाणी ८५ अंशांच्या आसपास असायचं, आणि यंत्र तापवण्यात आणखी काही अंश जायचे. अशा पाण्याने हलक्या रोस्टच्या (कमी भाजलेल्या) बियांचा रस नीट उतरत नाही, कप आंबट आणि पाणचट लागतो. मध्यम ते गडद रोस्ट मात्र छान उतरतो. रेल्वेसाठी आणि डोंगरासाठी मी तोच नेते. हलके रोस्ट घरी पिते.

रेल्वेत ताईचं नॅनोप्रेसो उजवं ठरलं हे मनापासून मान्य करते. टेबल लागत नाही, कप यंत्राच्या झाकणाचाच, कॉफी थोडी, पाणी थोडं. ती कॅप्सूलचा जोडही घेऊन आली होती, म्हणजे दळणंही नाही. कॅप्सूलमधली कॉफी ताज्या दळलेल्या कॉफीच्या तोडीची नसते, पण हलत्या डब्यात, शेजारी झोपलेले प्रवासी असताना ग्राइंडर फिरवण्यापेक्षा बरी. रिकाम्या कॅप्सूल पिशवीत भरून परत आणा.

बॅटरीवर पाणी तापवणारी छोटी यंत्रंही हल्ली दिसतात आणि डब्यात मला कुणीतरी त्यांच्याबद्दल विचारलंच. साधा हिशेब सांगते. ८० मिलिलिटर पाणी २० अंशांवरून ९२ अंशांवर न्यायला सुमारे २४ किलोज्यूल, म्हणजे ६.७ वॉट-तास ऊर्जा लागते. वाया जाणारी उष्णता वेगळीच. यंत्रातली बॅटरी किती वॉट-तासांची आहे ते बघा आणि भागाकार करा. २८ वॉट-तासांच्या बॅटरीतून चार कप निघाले तर पुष्कळ. थर्मासचं पाणी फक्त थोडं वर न्यायचं असेल तर तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरते. रोज वीज मिळणार असेल तर हा चांगला पर्याय आहे. चढाईला मी नेणार नाही.

डोंगर

आमचा वरचा मुक्काम साधारण ३,५०० मीटरवर होता. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस कितीही मोठा करा, उघड्या भांड्यात त्यापुढे जाणार नाही. त्या ८८ मधले काही अंश यंत्र खाणार, काही वारा.

इथे तीन गोष्टी उपयोगी पडल्या. रात्री यंत्र झोपण्याच्या पिशवीत पायांशी ठेवायचं, म्हणजे सकाळी ते बर्फासारखं गार नसतं. तंबूच्या आडोशाला, वारा अडवून, भांडं स्टोव्हवर असतानाच त्यातलं पाणी थेट यंत्रात घ्यायचं. पेल्यात घेऊन मग ओतायचं नाही. (तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे.) आणि पेय १८ ग्रॅमला ३६ ऐवजी ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत काढायचं, म्हणजे कमी तापमानात उरलेला गोडवा थोडा तरी उतरतो. दळण बारीक करूनही फरक पडतो, पण फार बारीक केलं तर पंप अडतो आणि जोर लावण्यात सील (पाणी अडवणारं रबरी कडं) खराब होतं. ग्राइंडरवर घरच्यापेक्षा एक-दोन खुणांपुढे मी गेले नाही.

पाण्याचा आणि इंधनाचा हिशेब आधी करा. पिकोप्रेसोच्या एका कपामागे तापवायला ८०, काढायला जवळजवळ तेवढंच आणि धुवायला शंभरेक मिलिलिटर, म्हणजे पाव लिटर पाणी. यातलं धुण्याचं सोडलं तर बाकी उकळलेलं हवं. दोन माणसं, दोन वेळा म्हणजे रोज एक लिटर फक्त कॉफीला. पाणवठा जवळ नसेल तर सकाळचा एकच कप ठेवा.

कॉफीचा चोथा ओढ्यात किंवा दगडांत टाकू नका. बास्केटमधून त्याची वडी आख्खी निघते, ती पिशवीत बांधून खाली आणायची. यंत्र ओढ्यात बुडवून धुणंही नको, पाणी बाजूला घेऊन धुवा. आणि जिथे रात्री पारा शून्याखाली जातो तिथे पंपात पाण्याचा थेंब राहू देऊ नका, कोरडेच चार-पाच पंप मारून ते बाहेर काढा. गोठलेलं पाणी फुगतं आणि आतले सील फाडतं.

वरच्या मुक्कामाचा पिकोप्रेसोचा कप हॉटेलातल्या फ्लेअरच्या कपाइतका गोलाई असलेला नव्हता. पण दाट होता, कडवट-गोड होता, आणि ताईने स्वतःचं यंत्र पिशवीतच ठेवून माझ्याकडे दुसरा मागितला.

ग्राइंडर, विमान आणि कोणी काय घ्यावं

पिकोप्रेसो किंवा फ्लेअर घेणार असाल तर खर्चाचा मोठा वाटा ग्राइंडरवर करा. एस्प्रेसोला दळणातला केसभर फरक जाणवतो. हाताने फिरवायच्या ग्राइंडरपैकी वनझीप्रेसोच्या जे-अल्ट्राची एक खूण म्हणजे पात्यांमधल्या अंतरात ८ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) फरक, तर कोमांडांटे सी४० ची सुमारे ३०. गाळून प्यायच्या कॉफीला दुसरा उत्तमच आहे, पण एस्प्रेसोसाठी त्याच्या दोन खुणांच्या मधलं दळण तुम्हाला हवं असतं आणि ते मिळत नाही. चांगला ग्राइंडर यंत्रापेक्षा जड असतो, हेही पाठपिशवी भरताना लक्षात ठेवा. ग्राइंडर न्यायचा नसेल तर पिकोप्रेसोचा नाद सोडा आणि नॅनोप्रेसो घ्या. आधी दळून नेलेली कॉफी त्यात निभावते.

विमानात स्टोव्हचा गॅस कुठल्याच सामानात चालत नाही, उतरल्यावर विकत घ्यावा लागतो. बॅटरीचं यंत्र हातातल्या सामानात ठेवा. ग्राइंडर क्ष-किरणांत जड धातूचा गोळा दिसतो, त्यामुळे तो हातसामानात असेल तर वरच ठेवा, काढून दाखवायला सोपं जातं. दळलेल्या पुडीपेक्षा आख्ख्या बिया नेणं तपासणीतही सोयीचं आणि चवीलाही.

दुधाची कॉफी पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की यांपैकी एकही यंत्र वाफ देत नाही. दूध वेगळं तापवून फेटावं लागेल.

फक्त हॉटेलांत राहणार आणि गाडी आहे, तर फ्लेअर. रोज नवं ठिकाण, थर्मासवर भिस्त, कॉफी झटपट हवी, तर नॅनोप्रेसो. स्टोव्ह सोबत आहे, दळायची आणि टॅम्प करायची हौस आहे, तर पिकोप्रेसो. घेतल्यावर घरी थर्मासच्या पाण्याने आठवडाभर कप काढून बघा, केटलच्या नाही, आणि तुमच्या बियांना जी खूण जमली ती डबीच्या झाकणावर लिहून ठेवा. सीलचा एक जादा संच ग्राइंडरच्या पिशवीत टाका. वाटेत तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.