पक्षी साडेसहाला, कार्यालय पावणेदहाला

तलावाचं नाव सांगत नाही, कार्यालयाचंही नाही. मराठवाड्यातला आहे एवढं पुरे. गाडी आत न्यायला लेखी परवानगी लागते, हे पहाटे सहाला फाटकावर कळलं. पक्षी बघायला घरून चारला निघालो होतो.

परवानगी देणारं कार्यालय उघडतं पावणेदहाला. शनिवार-रविवार बंद, २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी आठवडा पाच दिवसांचा. माझीही सुट्टी नेमकी तेव्हाच, म्हणजे पक्षी बघायचे तर आधी रजा टाका. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला 'उद्देश' या रकान्यावर घोडं अडलं. मी लिहिलं होतं, पक्षी पाहणे.

"कशासाठी?"

"पाहायला."

"ते झालं हो. पण कशासाठी पाहायला?"

छंद म्हणालो, ते त्यांना पटेना. संस्था कोणती, शिफारसपत्र कुठंय? शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कीव आली. "दादा, अभ्यास लिहा ना!" लिहिलं, आणि शिक्का पडला. तुम्हीही अभ्यासच लिहा. आणि हो, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. तिसऱ्या खेपेला "अर्ज सापडत नाही" ऐकलं, तेव्हा तोच कामी आला.

पत्र मिळालं त्या आनंदात ते वाचलंच नाही. शनिवारी पुन्हा सहाला फाटकावर. चौकीदार या वेळी दुसरा होता. त्यानं बॅटरीच्या उजेडात कागद दोनदा वाचला.

"साहेब, ह्याच्यात दहा ते पाच लिहेल हाय. एवढ्या लवकर कामून आले?"

दहाला बदकं मधल्या पाण्यात पेंगत असतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. माझं तोंड बघून म्हणाला, "गाडीला कागद. पायी जाणाऱ्याला कोण इचारतं?"

तीन खेपा, तीन रजा!

बाभळीतून वीस मिनिटं चाललो. भारद्वाज घुमत होता, कोतवाल तारेवर. काठावर मात्र राग विसरलो. दहा पावलांवर एक वारकरी पक्षी पाण्याबाहेर आला: काळा, कपाळावर पांढरा टिळा, आणि पायाच्या प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारखे पडदे. चिखलात ते फताडे पसरायचे. लांब पायांचे शेकाटे, थापटे बदकं होतीच. मग हरभऱ्याच्या रानातून पट्टकदंब राजहंस आले, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. गाडी नेली असती तर उतरलेच नसते.

सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, ऊन पाठीवर राहतं. पांढरा शर्ट नको. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे असतील तर पैठणचा नाथसागर. इथं मला कधी दिसले नाहीत.

पावणेदहाला परतलो तर चौकीदार फाटक उघडत होता.

"घ्या आता गाडी आत, झालेच दहा."