मुलुख-मैदान आणि कोल्हापूरचे मोल्डर

विजापूरच्या शेरझा बुरुजावर आम्हा गाईडना फार कष्ट पडत नाहीत. मुलुख-मैदान तोफेच्या जबड्यातला हत्ती दाखवायचा, वजन 55 टन सांगायचं, बत्ती दिल्यावर गोलंदाज हौदात बुडी मारायचा ही ऐकीव गोष्ट रंगवायची. लोक फोटो काढून गोलघुमटाकडे निघतात. परवा कोल्हापूरच्या फाउंड्री कामगारांची सहल आली आणि कुणी जागचं हलेचना.

एका वयस्कर मोल्डरनी, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणाऱ्या कारागिरानं, बोटाच्या पेरानं तोफेवर हलकंच टक् केलं. "पावणं, हे घंटंचं कासं हाय. कथील लई पडलंय."

खरंच आहे. तपासणीत तांबं सुमारे 80 टक्के, कथील 20 टक्के निघालं. तोफेसाठी एरवी याच्या निम्मं कथील घालतात. कथील वाढलं की रस पातळ होतो, नक्षीत नीट शिरतो, पण धातू ठिसूळ होतो. म्हणूनच भिंत फुटाहून जाड असावी, असं मोल्डरांचं मत. "आणि एवढा रस एका भट्टीत मावत न्हाई. चार-पाच भट्ट्या एकदम सोडल्या असणार. मधी खंड पडला की कोल्ड शट, रस एकजीव होत न्हाई! ओतली कुणी?"

मी कोरलेलं नाव दाखवलं: मुहम्मद बिन हसन रूमी (रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा), सन 1549. निजामशहासाठी अहमदनगरला ओतलेली.

"नगरात तुर्की माणूस?"

मग मला पार चीनपर्यंत मागं जावं लागलं. तिथल्या 1044 च्या युद्धग्रंथात सोरा, गंधक आणि कोळशापासून तोफेची दारू करायच्या कृती आहेत. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात ही विद्या पश्चिमेकडे सरकली. 1326 च्या एका इंग्रजी हस्तलिखितात सुरईच्या आकाराची तोफ रंगवलेली आहे. ओर्बान नावाचा ओतारी आधी कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाकडे नोकरीला होता. तिथं पगाराची बोंब, म्हणून तो तुर्कांच्या सुलतान मेहमेदकडे गेला, आणि 1453 मध्ये त्याच्याच तोफांनी त्या शहराचा तट फोडला. पुढं तुर्की तोफची गुजरातेत आणि दख्खनेत नोकऱ्या धरू लागले.

"आमच्यातली पोरं पुण्याला जात्यात, तसंच की," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी मी सांगितलं, की 1854 मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली, तेव्हा सगळ्यात मोठी बोली आली 150 रुपयांची. म्हणून ती विकलीच नाही. मोल्डरांनी मनातल्या मनात हिशेब केला. "चव्वेचाळीस टन तांबं, दीडशे रुपयांत? आयला, आमचा मालक तवा कुठं हुता!"